मोठे टायर टाकले आणि गाडीची ओढ गेली, आता चिप लावू का?

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं. या वेळी पिकअपवाल्यांची पत्रं खूप आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, म्हणून त्यातली तीन घेतलीत. पहिलं उत्तर लांबलंय पण ते नीट वाचा, बाकीच्यांचाही निम्मा प्रश्न त्यातच सुटेल.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे २०११ ची टाटा झेनॉन एक्सटी आहे, फोर बाय फोर, २.२ डायकॉर, १ लाख ८० हजार किमी झालेत. गेल्या वर्षी कंपनीचे २३५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ चे ऑल टेरेन टाकले, गाडी दिसते एक नंबर आणि बागेतल्या रस्त्याला खाली कुठे घासत नाही. पण आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढायला लागलो की तिसऱ्यात मान टाकते, दुसऱ्यात टाकली की नुसती ओरडते. अ‍ॅव्हरेज १२ चं १० वर आलं. एक ट्युनिंगवाला म्हणतो चिप लावा, १४० हॉर्सपॉवरची १७० होईल. मित्र म्हणतो फोर लो (चारही चाकांना जोर आणि सगळ्यात हळू गिअर) लावून चढव. इंजिन बसत चाललंय का? काय करू?
एक वाचक, चिपळूण

उत्तर: भाऊ, इंजिन बसलंय की नाही हे आपण पुढे बघूच, पण आधी टायरचा हिशोब करू, कारण तुमच्या पत्रातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी टायरच्याच आहेत आणि चिप लावून त्या जाणार नाहीत.

टायरवरचे आकडे वाचायला सोपे असतात. २३५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के उंचीची साइडवॉल, १६ म्हणजे रिम इंचात. साइडवॉल दोनदा आणि रिम एकदा अशी बेरीज केली की जुन्या टायरचा व्यास येतो साधारण ७३५ मिमी, आणि तुमच्या नवीन २६५/७५ चा येतो ८०४ मिमी. म्हणजे टायर ९.३ टक्क्यांनी मोठा झाला. कागदावर हा आकडा बारीक दिसतो म्हणून लोक सोडून देतात, पण याचा अर्थ असा की तुमच्या गाडीचा प्रत्येक गिअर, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्ससुद्धा, ९ टक्क्यांनी लांब झाला. इंजिन तेवढाच पीळ देतंय, फक्त तो जमिनीपर्यंत पोचताना लांब चाकावरून जातोय, त्यामुळे रस्त्याला मिळणारा जोर साडेआठ टक्क्यांनी कमी झाला. या इंजिनाचा टॉर्क ३२० न्यूटन मीटर आहे, तर चाकाच्या बाजूनं बघितलं तर तुम्ही आता २९३ वाली गाडी चालवताय.

आणि खरी गंमत घाटात आहे, ती नीट समजून घ्या. हे इंजिन त्याचा पूर्ण टॉर्क १७०० ते २७०० आरपीएमच्या मध्ये देतं, त्याच्या खाली टर्बोला पुरेसा एक्झॉस्ट मिळत नाही, हवा कमी पडते आणि गाडी मेल्यासारखी वाटते. आता तिसऱ्या गिअरमध्ये ज्या स्पीडला पूर्वी इंजिन १७०० वर फिरायचं, त्याच स्पीडला आज ते १५५५ वर फिरतंय. म्हणजे पूर्वी तुम्ही टर्बोच्या काठावर आतल्या बाजूला होता, आता बाहेर पडलात. वळणावर थोडं हळू झालात की आरपीएम अजून पडतात, टर्बो अजून झोपतो, तुम्ही अजून अ‍ॅक्सिलरेटर दाबता, मागून काळा धूर निघतो आणि गाडी काही उचलत नाही. "तिसऱ्यात मान टाकते" म्हणता ते हेच.

मग चिपवाला काय करणार? रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) असो की सेन्सरच्या वायरमध्ये लावायचा बॉक्स असो, शेवटी तो डिझेल वाढवतो आणि रिमॅपमध्ये टर्बोचं प्रेशरही थोडं वाढवतो. स्वस्तातले बॉक्स तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला रेलमधलं, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दाखवतात, मग कॉम्प्युटर बिचारा प्रेशर वाढवत बसतो, बस्स एवढंच त्याचं काम. १४० ची १७० होईल म्हणतो ते खोटंच असेल असं नाही, पण ते कुठे होईल? वर, २००० च्या पुढे, जिथे टर्बो आधीच जागा आहे. तुमची अडचण १५०० ला आहे, तिथे हवाच नाहीये, त्यामुळे तिथे जास्त डिझेल घातलं तर जास्त धूर मिळेल, ओढ मिळणार नाही. १ लाख ८० हजार चाललेल्या इंजिनाच्या नोझलवर, हेड गॅस्केटवर आणि क्लचवर जास्तीचा ताण येईल तो वेगळाच. माझं स्पष्ट मत आहे, या पैशाला आत्ता हात लावू नका.

आणि १७० हॉर्सपॉवर तुम्हाला लागतात का हेही बघा. समजा पेट्यांसकट गाडीचं वजन २८०० किलो आहे, १०० मीटरला ८ मीटर असा खडा चढ आहे आणि तुम्ही ताशी ३० नं चढताय. हिशोब केला तर चढाचा आणि टायर फिरवायचा मिळून ३० हॉर्सपॉवरच्या आसपास खर्च येतो, १४० मधले ३०. म्हणजे ताकद भरपूर शिल्लक आहे, फक्त ती बाहेर यायला इंजिन फिरलं पाहिजे. त्यामुळे दुसरा गिअर टाका आणि २००० ते २५०० वर बिनधास्त फिरू द्या. ती ओरडते म्हणून तुमचा जीव खालीवर होतो हे मला कळतं, पण डिझेल इंजिनाला २५०० वर फिरण्यात काही त्रास नाही, त्रास आहे तो १३०० वर पाय पूर्ण दाबून तिसऱ्यात रेटण्यात, तिथे बेअरिंगवर, पिस्टनवर, क्लचवर सगळीकडे मार बसतो.

फोर लोचं तर अजिबात करू नका, कोरड्या डांबरावर नाहीच. या प्रकारच्या फोर बाय फोरला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नसतं, वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, आणि ते जास्तीचं अंतर कुठेतरी सुटायला लागतं. चिखलात चाक घसरून सुटतं, डांबरावर सुटत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि एक दिवस कडकन आवाज येतो. बागेत, ओल्या मातीत, उताराला रिव्हर्स घेताना फोर लो जरूर वापरा, उलट मोठ्या टायरवर क्लच वाचवायचा तो सगळ्यात चांगला उपाय आहे.

आता अ‍ॅव्हरेज. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर जातो पण मीटर फेऱ्याच मोजतो, त्यामुळे १०० किमी खरे झाले की तुमच्या मीटरला ९१-९२ दिसतात. म्हणजे तुमचं १० चं अ‍ॅव्हरेज खरं १०.९ आहे. १२ वरून १० म्हणजे १७ टक्के गेल्यासारखं वाटतं पण खरी घट ९ टक्के आहे, आणि ती रुंद टायर, जाड रबर, जास्त वजन आणि चुकीच्या गिअरमध्ये रेटणं यातून सहज येते. महामार्गावर किलोमीटरचे दगड धरून किंवा मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा. आणि हो, मीटरवर ८० दिसतंय तेव्हा तुम्ही ८५ च्या पुढे असू शकता, स्पीडगनवाल्याला टायरची साइज सांगून उपयोग नाही.

एवढं झाल्यावर इंजिनाकडे वळा, कारण एवढ्या जुन्या गाडीत टायरच्या ९ टक्क्यांच्या जोडीला अजून १०-१५ टक्के कुठेतरी गळत असतातच, आणि जुन्या टायरवर ते झाकलेलं राहतं, मोठ्या टायरनं उघडं पडतं. सगळ्यात आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज बघा. हात आत घालून खालच्या बाजूनं फिरवायचे, क्लिपजवळ बोटाला तेलकट काळं लागलं तर तिथून हवा बाहेर पडतेय असं समजा, थोडं तेल आत असणं नॉर्मल आहे पण बाहेर ओघळ असेल तर होज फुगतोय किंवा चिरलाय. उभ्या गाडीत रेस करून हे कळेलच असं नाही, लोडवर चढताना हिस्स असा आवाज येतो तो खिडकी उघडी ठेवून ऐका. या इंजिनाचा टर्बो व्हेरिएबलवाला आहे, त्याच्या आतली पाती काजळीनं जाम होतात किंवा त्यांना हलवणारा व्हॅक्युमचा बारीक होज कडक होऊन तडकतो. अगदी स्वस्तातला होज असतो आणि लोक टर्बो बदलून मोकळे होतात, तेव्हा आधी होज बघा, मग व्हॅक्युम पंप लावून अ‍ॅक्च्युएटरची दांडी पूर्ण खाली-वर होते का ते बघायला सांगा.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, फिल्टरखालचं पाणी सोडणं, हे तुम्ही करत असाल असं धरतो. नोझलची लीक-ऑफ टेस्ट मात्र करून घ्या, चारही नोझलच्या रिटर्नला बाटल्या लावतात आणि कुठल्या बाटलीत जास्त डिझेल जमतं ते बघतात, साधी टेस्ट आहे, कॉमन रेल जाणणारा कुठलाही मिस्त्री करतो. मागचे ड्रम ब्रेक धरून राहिलेत का ते बघा, अर्धा तास चालवून थांबा आणि रिमजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथे तुमची ओढ जळतेय. क्लचसाठी सपाट रस्त्यावर चौथ्यात १५००-१६०० वरून एकदम पाय दाबा, आरपीएम सरसर चढले आणि स्पीड तेवढ्या प्रमाणात चढला नाही तर प्लेट स्लिप मारतेय. मोठ्या टायरनं क्लच लवकर जातो, कारण उठताना तुम्ही नकळत जास्त वेळ अर्ध्या क्लचवर असता.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी टायर हाच ठेवायचा असेल तर खरा, कायमचा उपाय क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीत आहे. टायर जेवढा वाढला तेवढा डिफरन्शियलचा रेशो वाढवायचा, तुमच्या बाबतीत आहे त्या रेशोला १.०९ नं गुणा. समजा ४.१० असेल तर ४.४८ च्या आसपासचा लागेल. तुमच्या गाडीत कुठला आहे हे अंदाजानं घेऊ नका, मोजा. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचला, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, एक्सलखाली घोड्या लावा. गाडी न्यूट्रलला, टू व्हीलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. दोघांनी मागची दोन्ही चाकं एकाच दिशेनं बरोबर एक फेरी फिरवायची आणि तिसऱ्यानं शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. चार फेऱ्या पूर्ण आणि वर थोडं, असं जे येईल तो तुमचा रेशो. बारकाईनं हवा असेल तर चाकं १० फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना १० नं भागा.

पण एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. तुमची गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे मागचा बदलला तर पुढचाही तेवढ्याच रेशोचा बदलावा लागेल, नाहीतर फोर बाय फोर लावल्याबरोबर दोन एक्सल एकमेकांशी भांडायला लागतील. आपल्याकडे अमेरिकेसारखे डब्यात मिळणारे वेगवेगळ्या रेशोचे सेट नसतात, कंपनीच्या पार्ट्सवाल्याकडे त्याच एक्सलचा दुसऱ्या मॉडेलमधला सेट पार्ट नंबर जुळवून मिळाला तरच करा, आणि बसवणारा मिस्त्री बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून, दातांना रंग लावून कॉन्टॅक्ट बघून बसवणारा पाहिजे. नुसतं कानानं सेट करणारा नको, महिन्याभरात हाउसिंग रडायला लागतं.

म्हणून तुमच्यासाठी मला मधला रस्ता बरा वाटतो. हे टायर झिजले की २४५/७५ आर १६ घ्या. त्याचा व्यास ७७४ मिमी येतो, म्हणजे मूळपेक्षा ५ टक्के मोठा. जमिनीपासूनची उंची २ सेंटीमीटर वाढलेली राहील, बागेत जाणं सुटणार नाही, आणि गेलेल्या ओढीपैकी साधारण ४० टक्के परत येईल. घेताना टायरचं वजनही विचारा, एकाच साइजच्या दोन टायरमध्ये कित्येक किलोचा फरक असतो आणि फिरणारं वजन उठताना आणि ब्रेक मारताना दोन्हीकडे नडतं. तोपर्यंत हौद्यातलं नको ते ओझं काढा, हवा लोडप्रमाणे ठेवा, एलटी (लाइट ट्रक) टायरला जुन्या टायरचीच हवा भरली तर तो लोडखाली बसतो आणि गाडी आणखी जड वाटते.

आणि उतरताना जपा. चढताना जेवढा जोर कमी झालाय तेवढंच इंजिन ब्रेकिंगही कमी झालंय, आणि ब्रेकलाही आता मोठं चाक थांबवायचंय. पोफळीकडे भरून उतरत असाल तर पूर्वी तिसऱ्यात उतरायचात तिथे दुसऱ्यात उतरा. हे मी बाकी सगळ्यापेक्षा कळकळीनं सांगतोय.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण ट्युनिंगवाला सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमावाला हेच कलम काढून बसतो.

प्रश्न: मी मूळचा पुण्याचा, सध्या डेन्व्हरला असतो. २००३ ची टोयोटा टकोमा घेतलीय, ३.४ लिटर व्ही ६, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, एक्सलचा रेशो ४.१० आहे असं आधीच्या मालकानं सांगितलं. त्यानंच २६५/७० आर १६ काढून २८५/७५ आर १६ टाकलेत. वीकेंडला डोंगरात जातो तेव्हा आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला गाडी सारखी गिअर बदलत राहते, ट्रकवाले पुढे जातात. इथले मित्र सुपरचार्जर (इंजिनावर चालणारा हवा दाबायचा पंप), हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप), कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा घेणारा पाइप) असं काय काय सांगतात. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर: तुमच्याकडे टायरपेक्षा मोठा चोर उंची आहे. हे इंजिन टर्बोचं नाही, जेवढी हवा बाहेर असेल तेवढीच ते घेणार, आणि साधारण दर १,००० फुटांना ३ टक्के ताकद जाते असं धरून चाला. डेन्व्हरच ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे घरातून निघतानाच १५ टक्के गेले. बोगदा ११,१५८ फुटांवर, तिथे पोचेपर्यंत एक तृतीयांश गेली. या इंजिनाचे मूळ १९० हॉर्सपॉवर, वर पोचल्यावर १३० च्या खालीच उरतात. वरच्या चिपळूणकरांची गाडी टर्बोची आहे, तिला उंचीचा एवढा त्रास झाला नसता.

त्यात टायर ७७७ मिमीचा ८३४ झाला, ७.३ टक्के. एरवी गाडीनं हे पोटात घातलं असतं पण तुमच्याकडे ते आधीच रिकाम्या झालेल्या इंजिनावर पडतंय. चार गिअरचा ऑटोमॅटिक आहे, त्यातला चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेचा सगळ्यात लांब गिअर, ओव्हरड्राइव्हमध्ये चढ झेपत नाही म्हणून तो तिसऱ्यात येतो, तिसऱ्यात स्पीड आला की परत चौथ्यात जातो, आणि हे चालूच राहतं. प्रत्येक वेळी गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि ऑटोमॅटिक मरतात ते बहुतेक उष्णतेनंच. म्हणून आजपासून, काही खर्च न करता, चढ सुरू व्हायच्या आधी ओव्हरड्राइव्हचं बटण बंद करा आणि पूर्ण चढ तिसऱ्यात, गरज पडली तर दुसऱ्यात काढा. त्यानंतर गिअरबॉक्सचं तेल बदला आणि एक वेगळा ट्रान्समिशन कूलर लावा.

मग रीगिअरिंग, म्हणजे क्राऊन-पिनियन बदलून रेशो वाढवणं. तुम्ही नशीबवान आहात, तुमच्याकडे या गाडीसाठी ४.५६ चे सेट सहज मिळतात. ४.१० ला १.०७३ नं गुणलं की ४.४० येतं, म्हणजे ४.५६ लावलात तर टायरचं नुकसान भरून वर ३-४ टक्के फायद्यात राहाल, तो तुमच्या उंचीला उपयोगी पडेल. ४.८८ सुद्धा लोक लावतात पण हायवेवर आरपीएम बरेच चढतात, रोज ऑफिसला याच गाडीनं जात असाल तर मी ४.५६ वरच थांबेन. पुढचं-मागचं दोन्ही करायचं, तुमच्याकडे मजुरीच जास्त आहे तेव्हा खर्च हजारांत जाईल, पण त्या पैशात मिळणारा फरक प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक स्पीडला जाणवेल.

इनटेक आणि हेडर या दोन्हीला माझा नकार आहे. ३.४ च्या या इंजिनावर आवाज बदलतो, चढ बदलत नाही. सुपरचार्जर मात्र खरा उपाय आहे, उंचीवर हवा दाबून भरणं हेच तर पाहिजे, आणि टोयोटाच्याच टीआरडीनं (त्यांचा रेसिंग विभाग) याच इंजिनासाठी सुपरचार्जर काढला होताही, पण तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता मिळेल तो वापरलेला. २० वर्षांहून जुन्या इंजिनावर तो चढवायचा तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट, टायमिंग बेल्ट आणि कूलिंग सगळं नवं पाहिजे. आणि हे सगळं करायच्या आधी एक दिवस गाडीखाली झोपून चासी बघा, हातोडीनं ठोकून. पहिल्या पिढीच्या टकोमाची फ्रेम गंजण्याचं प्रकरण एवढं मोठं होतं की टोयोटानं २००८ मध्ये १९९५ ते २००० च्या गाड्यांच्या फ्रेमची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि बऱ्याच गाड्या विकतही परत घेतल्या, नंतर त्यापुढच्या वर्षांच्या गाड्यांसाठीही मोहीम काढावी लागली. तुमची २००३ ची आधी बर्फामिठाच्या राज्यात राहिली असेल तर फ्रेम बघितल्याशिवाय गिअरवर एक डॉलरही घालू नका.

प्रश्न: माझी जुनी महिंद्रा पिकअप आहे, साधा मेकॅनिकल पंप. डाळिंबाच्या क्रेट नेतो. मागचे टायर एक साइज मोठे टाकले लोडसाठी, तेव्हापासून चढाला कमी पडते. पंपवाला म्हणतो डिझेल वाढवून देतो, स्क्रू फिरवला की पळायला लागेल. करू का?
एक वाचक, आटपाडी

उत्तर: पळायला लागेल हे खरं आहे, पंपवाला खोटं बोलत नाहीये. मायकोचे हे जुने पंप, म्हणजे आताची बॉश, त्यांचा मॅक्सिमम डिझेलचा स्क्रू थोडा फिरवला की पहिल्या दिवशी फरक कळतो. पण जेवढी हवा येतेय तेवढंच डिझेल जळणार, त्याच्यावरचं सगळं काळ्या धुरातून बाहेर जाणार, आणि लांब चढावर एक्झॉस्टचं तापमान वाढत जाऊन पिस्टनचं डोकं, व्हॉल्व्ह आणि टर्बो असेल तर तोही भाजणार. पीयूसीला नापास होणार ते वेगळं.

त्याऐवजी पंप आणि नोझल बेंचवर लावून कंपनीच्या आकड्यांवर कॅलिब्रेशन करून घ्या. जुन्या पंपात एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी असं झालेलं असतं, ते सारखं केलं की धूर न वाढता ओढ येते. पंपाचं टायमिंग बघायला सांगा, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स सेट करा. पंपवाल्याला स्पष्ट सांगा की स्क्रूचं सील तोडायचं नाही.

आणि मागचे टायर परत कंपनीच्या साइजचे घ्या, लोडसाठी साइज वाढवायची नसते, त्याच साइजमध्ये जास्त लोड इंडेक्सचा, जास्त प्लायचा टायर घ्यायचा असतो. टायरच्या बाजूवर साइजच्या पुढे जो आकडा असतो, १०० किंवा ११२ असा, तो लोड इंडेक्स, १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. दुकानदाराला तोच आकडा दाखवून मागा. आणि किती क्रेट भरता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या वर जात असाल तर आधी काट्यावर गाडी घालून एकदा वजन करा आणि ते मला कळवा, मग पुढचं बोलू.